जन्मस्थानाचा रकाना

बाबा, तुमचं अक्षर गेल्या वर्षी माझ्या टेबलावर आलं. मी गोंदियात वकिली करते, फुलचूरला राहते आणि दर गुरुवारी अर्जुनी मोरगावला येऊन निर्वासित वसाहतीतल्या लोकांना कागदपत्रांचा सल्ला देते. फी घेत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मंग वकील कायले झाली वो?" काम फार मोठं नाही. कोणता अर्ज कुठे द्यायचा, कोणता कागद कशाचा पुरावा होतो, साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, एवढंच. निम्मा वेळ लोकांना घाबरू नका म्हणण्यात जातो, आणि उरलेला वेळ नेमकं कशाला घाबरायला हवं ते समजावण्यात.

ती आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. शाळेत माझ्या एक वर्ग मागे होती, वसाहतीतल्या बंगाली कुटुंबातली. आता दोघीही साठीकडे झुकलोय. तिची थोरली बहीण लग्न होऊन तिकडेच राहिली, सीमेपलीकडे, आणि आता अंथरुणाला खिळली आहे. तिला एकदा भेटायचं म्हणून हिने पासपोर्टचा अर्ज केला. चौकशीला पोलीस आले, शेजारच्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं की हे लोक तिकडून आलेले, आणि अर्ज परत आला. बाई आयुष्यभर मतदान करत आली आहे. त्याला कोणाची हरकत नव्हती.

तिने पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला. जन्मस्थान या शब्दापुढे आपल्या गावाचं नाव होतं, तुम्ही आमच्या शाळेत गुरुजी होता तेव्हाच्या, तुमच्या त्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. मग तिने दुसरा कागद काढला. सीमेवरच्या छावणीत तिच्या वडिलांना मिळालेली चिठ्ठी, घडीवर फाटलेली. त्यात कुटुंबाची नावं आणि शेवटी, कन्या, वय सहा महिने.

त्या काळात इथे जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक ठरतो. तिकडे जन्मून आलेल्याला आधी नागरिकत्वाचा अर्ज करावा लागतो, चौकशी होते, सुनावणी होते, आणि पासपोर्ट त्याच्या नंतर. तिला हे कोणीतरी आधीच सांगितलेलं दिसलं. तिने चिठ्ठी परत पिशवीत सारली आणि दाखला माझ्यापुढे सरकवला.

"दीदी, गुरुजीनं लिहिलंच हाये न. इथचीच हाये म्हणून लिहा. चिठ्ठी कोणी पाहाले येते?"

मला ती संध्याकाळ आठवते. मी दुसरीत आहे. त्या दिवशी शाळेत मी तिला 'रिफुजी' म्हटलं म्हणून तुम्ही मला प्रार्थना संपेपर्यंत उन्हात उभं केलंय. रात्रीच्या भाताला अजून वेळ आहे, आई चुलीपुढे वाल सोलते आहे आणि तुम्ही स्वयंपाकघरातच पाटावर शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर घेऊन बसला आहात, कारण घरातला बरा कंदील तिथेच आहे. तिचे वडील दारात उभे आहेत. त्यांनी ती चिठ्ठी तुमच्या हातात दिली. तुम्ही ती दोनदा वाचली, घडी करून परत दिली आणि लिहिलं. ते गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, थे तं तिकडची हाये न जी?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "आता इथची हाये. लिहून राहिलो मी, तू गप बस."

मला तुमचा अभिमान वाटला होता. आजही वाटतो. पण त्या गुरुवारी तुमचा रागच आला, खरं सांगते. तुम्ही पोरीला गाव दिलं आणि माझ्यापुढे पेच ठेवलात. वसाहतीत जमीन वाटली तेव्हा त्याच चिठ्ठीवरून सरकारी यादी झाली. तिच्या भावाने तीच चिठ्ठी लावून नागरिकत्व मिळवलं. एका आईची दोन लेकरं, दोन कागद, दोन गोष्टी. कोणीही फाईल उघडली की हिचं खोटं पकडलं गेलं असतं आणि मग पासपोर्ट राहिला बाजूला, केस झाली असती. मी तिला हे सगळं सांगितलं. खरं तेच लिहू म्हटलं.

"किती दिवस लागतीन?"

"सांगता येत नाही. वर्ष, दोन वर्षं."

"दीदीजवळ एवढे दिवस नाईत," ती म्हणाली. बहिणीबद्दल बोलत होती. मग पिशवीतली चिठ्ठी परत बाहेर काढून म्हणाली, "लिहा."

प्रतिज्ञापत्र मीच तयार केलं. जन्म तिकडचा, आली तेव्हा सहा महिन्यांची, सगळं जसंच्या तसं. दाखल्याचा खुलासा करायची वेळ आली तेव्हा मी लिहिलं, 'शाळेतील नोंद नजरचुकीने झाली आहे.' तिला वाचून दाखवलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

सुनावणी गोंदियाला झाली. साहेब सभ्य होते. हिंदीत विचारलं, ये गलती किसकी थी? मी उत्तर देणार तेवढ्यात ती बोलली. "मेरे बाबा की, साहब. उन्होंने झूठ बोला, गुरुजी ने वैसा लिख दिया."

साहेबांनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, असं काऊन सांगतलंस? ती म्हणाली, "मंग काय तुमच्या बाबाचं नाव सांगू?" आणि चहाचं विचारलं.

अर्ज अजून वरच्या ऑफिसात आहे. बहीण अजून आहे, फोनवर तिला आता फक्त ऐकू येतं. दर गुरुवारी ही येते, काही आलं का विचारते आणि नाही म्हटलं की पुढच्या गुरुवारी येते.

तिच्या वडिलांनी तुम्हाला खरा कागद दाखवला होता, बाबा. तो माणूस आता सरकारी फायलीत खोटारडा म्हणून नोंदला गेला आहे, तिच्याच तोंडून, तुमच्यासाठी. मी तिची वकील. शेजारच्या खुर्चीत बसले होते, आणि मला बरं वाटलं.