टोकाआधी थांबलेली रेघ

मिरज, रविवार

प्रिय सोनम,

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसशील. पण फोनवर रूट कॅनॉलचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, त्याला मी काय करू?

सध्या दिवसभर एक्स-रे बघते. आपल्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी पूर्वी केलेली रूट कॅनॉल कशी झालीत, ते तपासायचं. करणाऱ्यांची नावं झाकलेली, नुसते क्रमांक. मुळातल्या भरणाची पांढरी रेघ टोकापर्यंत पोचली का, मध्ये फट राहिली का, एवढं बघून शेरा द्यायचा. एका पुढच्या दाताची रेघ टोकाच्या बरीच अलीकडे थांबली होती आणि टोकाशी पुवानं हाड पोखरल्याचा काळा डाग. मी 'अपुरे' लिहिलं, पुढं गेले.

मग त्याच पेशंटना बोलावून नवे एक्स-रे काढले आणि त्या दातापाशी मी अडकले. रेघ तेवढीच आखूड, पण डाग गायब! हाड छान भरून आलेलं. उलट काही देखण्या, टोकापर्यंत भरलेल्या दातांचे डाग तसेच. एक्स-रेंची अदलाबदल झाली का, तेही पडताळलं; नव्हती झाली. शेवटी तो दात ज्यांचा, त्या बाईंनाच गाठलं. आटपाडीकडच्या बनुबाई, मेंढरं राखतात. दात दुखतो का विचारलं, तर म्हणाल्या, "न्हाई बया, ऊस सोलते की ह्या दातानं! त्या पोरीनं लय येळ धुतला. माजा जबडा आवघडला, तरी आपली म्हणती, आवं मावशी, आजून थोडं."

आमचं मार्किंग संपल्यावर नावं उघडली. त्या दातापुढं तुझं होतं.

सरांनी तो एक्स-रे सगळ्यांसमोर लावून तुला काय काय ऐकवलं, मला आठवतं. त्यानंतर तू रूट कॅनॉलला हात लावला नाहीस. खरं सांगू? शेरा मी आजही 'अपुरे'च देईन. पण एक्स-रेत भरलेलं दिसतं गं, धुतलेलं दिसत नाही. मूळ आतून तेवढं धुतल्यामुळंच डाग गेला का? ठाऊक नाही. सरांना दोन्ही एक्स-रे दाखवले. दोन्ही शेजारी-शेजारी लावून बघितले, मग म्हणाले, "सोनमला कळवलंस का?"

म्हणून कळवतेय. आणि आणखी एक. बनुबाईंचा शेजारचा दात किडलाय. इथंच करू म्हटलं, तर ऐकेनात. "ती पोरगी कुठं असती?" मी तुझ्या कराडच्या दवाखान्याचा पत्ता दिलाय. गुरुवारी येतायत. नेहमीसारखी चिठ्ठी देऊन दुसऱ्या कुणाकडं पाठवू नकोस. त्या जायच्या नाहीत.

तुझीच,
आम्रपाली