आंटी, जरा बाजूला

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळ फुकट! कांदिवलीहून अंधारात निघालो, बंदरावर पोचलो तर पाणी ओसरलेलं. होड्या चिखलात. उजेड मात्र असा की हात शिवशिवले. ओजसला पुढच्या सोमवारी फोटो हवाय. त्याच्या जाहिरात कंपनीचं एकच — "सर, क्लीन पाहिजे. माणसं नकोत, मासळी नको." काम कोणासाठी, मी विचारलं नाही.

२६ नोव्हेंबर

बंदरावरची कोळीण, उर्सुला आंटी, नेमकी फ्रेममध्ये. बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालत होती. "आंटी, जरा बाजूला." सरकली. परत आली. "आंटी —"

"अरे फोटोवाल्या, बोंबील काय तुझ्या गॅलरीत सुकवू?"

मग स्वतःच हसली. म्हणाली, परवा कोणी साहेब टेप लावून जागा मोजून गेले. विचारलं तर बोलत नाहीत. "सासूच्या वेळेपासून इथंच सुकवतो रे. ही जागा गेली तर खाऊ काय?"

मी मान डोलावली. लक्ष उजेडाकडे. तो गेलाच!

२७ नोव्हेंबर

झोप नाही. शेजारी ऋता वैतागली — "बंदर पळून जाणार नाहीये. पड आता."

२९ नोव्हेंबर, शनिवार

आजही माणसंच माणसं. शेवटी आंटीच कंटाळली. "उद्या ये ना! रविवारी आम्ही सगळे सकाळच्या मिस्साला चर्चमध्ये. बोंबील आजच उतरवतो. कुत्रंपण आडवं येणार नाही तुला." जाताना माझा नंबरही घेतला.

३० नोव्हेंबर

मिळाला! भरलेलं पाणी, रांगेत होड्या, मोकळ्या वलांड्या, त्यांच्या लांबच लांब सावल्या. लांबून चर्चची घंटा. माणूस एक नाही. झकास!

१ डिसेंबर

फोटो पाठवला. ओजस — "परफेक्ट, सर! क्लायंट एकदम खूश."

मग मला चैन का नाही? संध्याकाळपर्यंत चार वेळा उघडून पाहिला. फोकस ठीक. क्षितिज सरळ. काहीतरी खटकतंय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आंटीचा फोन. बंदरावर मोठा बोर्ड लागलाय — इथे पार्किंग होणार, कॅफे होणार. वर माझा फोटो. खाली लिहिलंय, 'सध्या वापरात नसलेली जागा'.

"तूच काढलास ना रे हा? रविवारचा?"

हो म्हणालो.

मग —

"आता सांग, फोटोवाल्या. अजून किती बाजूला सरकू?"