सांडव्यावरचे बदक

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या निम्माच). आम्ही दोघे जिवंत आहोत. बाकीची खुशाली यातच आली. तुमचा खोकला कसा आहे? तुम्ही राहायला गेलात त्या ताईच्या इमारतीत लिफ्ट आहे म्हणजे तुमच्या गुडघ्यांना आराम असेल. तुम्हाला नसेल.

रविवारी तुम्ही तडकाफडकी निघालात, म्हणून घडले ते माझ्या बाजूने लिहितो. या धरणासाठी तुमच्या आजोबांनी दगड वाहिले, तुमच्या वडिलांनी वीजघरातला पहिला दिवा लावला, तुम्ही शेवटचा मालवला, आणि मी आता तिथे तळ्यावर बोट क्लबची बदके भाड्याने देतो. घराणे कसे पायरीपायरीने उतरत आले. लोकांना पायडल बोटींतून पाठवता पाठवता मी स्वतः कधी बसलो नव्हतो. हिने हट्ट धरला. उरली होती ती मान वाकडी झालेली बदकाची बोट. (लाइफ जॅकेटे सगळी मीच वाटून टाकली होती. गर्दी छान होती.) मधोमध पोहोचल्यावर सुकाणूची मूठ माझ्या हातात आली, सुकाणू तिथेच राहिले. बदक सांडव्याकडे निघाले. ही म्हणाली, "पाय मारा." म्हटले, "मारतोय." "उलटे मारताय. म्हणूनच तिकडे चाललोय." मग बदक सांडव्याच्या भिंतीवर चढून अडकले. मान पलीकडे, शेपूट अलीकडे, मधे आम्ही. पाणी मागून ढकलत होते आणि पलीकडे खाली नुसता खडक. हलायचे नाही, यावर लग्नानंतर प्रथमच आमचे एकमत झाले.

काठावरच्या लोकांनी दोर, बांबू आणि सल्ले फेकले. सल्ले तेवढे पोहोचले. तुम्ही मात्र वीजघराकडे धावलात. (धरणावर जन्म काढून तुम्हाला पोहता येत नाही, यावर मी आजवर पोटभर हसलो आहे. ते हसू परत घेतो.) दुसऱ्या कोणी माणसांना पाण्यातून काढले असते. तुम्ही माणसांखालचे पाणी काढून घेतलेत. दांडा फिरवून धरणाच्या तळाचा दरवाजा उघडला, पाणी वीतभर उतरले, सांडव्यावरून वाहणे थांबले आणि बदक अंड्यांवर बसावे तसे शांत बसले. आम्ही चपला हातात घेऊन भिंतीवरून चालत आलो. तुमच्या पाया पडायचे हिने वाटेतच ठरवले होते. पण तोवर तळे आणखी उतरून बोट क्लबचे अध्यक्ष पाहुण्यांसकट चिखलात रुतले होते. ते आले ते एका बुटावर. म्हणाले, "वीजघर कधीच बंद झालं. आता तुम्हीही तिथलं राहणं बंद करा." तुम्ही "बरं" म्हणालात, पिशवी उचललीत आणि बस धरलीत. आभार मानायला तोंड उघडेपर्यंत बस वळली होती.

तर ते आता मानतो. आम्हा दोघांचे उरलेले आयुष्य तुमचे आहे. माझ्यातले फारसे कामाचे नाही, हिचे घ्या.

तुमचा भाचा

ता. क. : दरवाजा फिरवायचा लोखंडी दांडा तुमच्या पिशवीतून गेला. त्यावाचून दरवाजा मिटत नाही. तळे कोरडे आहे, बदके चिखलात आहेत आणि मी खिडकीत बसून त्यांच्याकडे बघतो. अध्यक्ष म्हणतात, दांडा पार्सलने मागवा.

ता. क. २ : पार्सलने पाठवू नका. दांडा माणसाबरोबरच येतो, असे मी अध्यक्षांना सांगितले. त्यांनी चिखलातला बूट काठीने ओढून पाहिला, निघाला नाही. मग म्हणाले, "माणसालाच बोलवा. मी जरा जास्तच बोललो."

ता. क. ३ : पत्र टाकायचे राहिले. तेवढ्यात लोहाराने नवा दांडा करून दिला, दरवाजा मिटला, तळे निम्मे भरले. ही म्हणते, हे मामांना कळवू नका, नाहीतर यायचे नाहीत. वीजघरातल्या तुमच्या खाटेवरची चादर तिने दोनदा बदलली, एकदाही कोणी झोपलेले नसताना. म्हणून तिच्या नकळत लिहितो : दांडा नाही आणलात तरी चालेल.