झाडाचं चित्र असलेली बाटली

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबा सुतारकामाचा कारखाना समोरच्या गादीवाल्याला गोदामासाठी द्यायला निघालेत हे वाचून जेवण टाकून लिहायला बसलो. त्या तापात त्यांचं नाक गेलं, वास येईनासा झाला, मग शेगडीवरचा सरस जळून कोळसा झाला आणि बाजूची फळी पेटली तरी त्यांना पत्ता नाही, तेव्हा भीती बसणारच. पण लाकूड हुंगून नाव सांगणारा माणूस लाकडाशिवाय दिवसभर करणार काय? आणि मी एवढ्या नोकऱ्या सोडल्या त्या कुणाच्या जिवावर? कुठेच नाही जमलं तर बाबांच्या शेजारी उभं राहून रंधा मारू, हे मनात होतं म्हणून.

डॉक्टर म्हणाले ना, रोज निरनिराळे वास घ्या, नाक हळूहळू परत येतं. तू बशीत लवंगा आणि लिंबू ठेवतेस. बाबांना डोळे आहेत, ते बघूनच नाव सांगून मोकळे होतात. त्यांना असं काही द्यायला हवं की आत काय आहे ते दिसता कामा नये. आता हसू नकोस. मी ज्या वाइनच्या दुकानात खोकी उचलतो तिथे लोक दिवसभर हेच करतात. आमच्या मालकीणबाई गिऱ्हाइकाला आधी हुंगायला लावतात आणि काय आठवलं ते विचारतात. कोणी म्हणतं पिकलेला पेरू, कोणी म्हणतं नवी चप्पल. बाई दोघांनाही बरोबर म्हणतात. तू बाबांना आठवड्याला एक वाइन हुंगायला दे.

करवतीपुढे उभं राहणाऱ्याने घोटभरही घेऊ नये असं बाबा म्हणायचे. आता करवतच बंद आहे, तेव्हा त्यांना सबब नाही. महाग बाटली मुळीच आणू नकोस, ती माणूस घाबरत घाबरत पितो. सोनेरी अक्षरं, राजवाड्याची चित्रं यांना भुलू नकोस, चित्राचे पैसे आपल्याच खिशातून जातात. काचेच्या खिडकीत उन्हात उभी असलेली नको, आतली माग. दुकानदार स्वतः घरी काय पितो ते विचार, या प्रश्नावर थाप मारायला त्यांना जरा वेळ लागतो. फिरकीचं झाकण असलं म्हणून नाक मुरडू नकोस. पांढरी नीट गार कर, लालसुद्धा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेव. ग्लास निम्म्याहून कमी भर, वरची जागा वासाची. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेव, दोन-तीन दिवस टिकते. आणि बाटली पिशवीत लपवून ओत.

फोन ठेवला की तू अर्धं विसरतेस म्हणून एवढं लिहिलं. बाबांना साष्टांग नमस्कार, भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी जीव लावायचं सोडू नकोस.

तुझा,
भिंगरी

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

शाळेत दोन ओळींचा निबंध लिहिताना रडायचास आणि दारूवर मात्र एवढं मोठं पत्र. वाचून तुझे भावोजी म्हणाले, मेव्हणा हुशार निघाला. त्यांना काय, फुकटची बाटली येणार.

तू सांगितलंस तसं दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, ताई, मी घरी चहा पितो. मग स्वतःच हसला आणि मागून एक साधी पांढरी काढून दिली. गार केली, पिशवीत घातली. तुझ्या भावोजींनी दुधासारखे काठोकाठ ग्लास भरले, ते मला परत ओतावे लागले. बाबांनी हुंगलं, एक घोट घेतला आणि गार पाणी आहे म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात लाल आणली. ती आंबट आहे म्हणाले, बाकी काही नाही.

पण एक सांगते. किती तरी दिवसांनी बाबा जेवण झाल्यावर टेबलाशी बसून राहिले. एरवी ताट सारून खोलीत जातात. बुचाचा तुकडा नखाने टोकरत बसले होते. हे कुठल्या झाडाच्या सालीचं असतं, ते विचारलं. मला कुठलं माहीत.

गादीवाला फीत घेऊन कारखाना मोजून गेला. महिनाअखेरीला कागदावर सही आहे. बाबांनी रंधे तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवले. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तू तिथे तरी टिकून राहा. जपून अस, आणि आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गार पाणी आणि आंबट, एवढं तर एवढं. मालकीणबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या घाई करू नका. बाटलीच्या बुचाचं झाड, ज्या ओकच्या लाकडाची वाइनची पिंपं करतात, त्याच्याच जातीतलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. बाबांना सांग, झाड न पाडता नुसती साल सोलतात. त्यांना आवडेल.

आता ऐक. बाटलीबरोबर खारे दाणे, पाव, चीजचा तुकडा असं काही ठेव, रिकाम्या तोंडी आंबटच लागणार. बाबांना कसला वास येतोय असं विचारू नकोस, परीक्षेला बसवल्यासारखं होतं. काय आठवतंय एवढंच विचार. आणि तुम्ही दोघं त्यांच्याआधी तोंड उघडू नका. भावोजी वाह वाह करायला लागले की बाबा गप्प होतील. वासच येत नसताना दुसऱ्याचं कौतुक ऐकणं किती जड जात असेल.

मागच्या आठवड्यात इथूनही पळायचं मनात आलं होतं. पिशवी भरली होती. मग तुझं पत्र आलं आणि पुढच्या बाटलीचं काय झालं हे कळल्याशिवाय जाववेना. पिशवी रिकामी केली.

बाबांना नमस्कार. तुमच्या दोघांच्या रोजच्या चिडचिडीत माझाही वाटा राखून ठेव.

तुझा,
भिंगरी

ता. २६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा उद्योग आता पुरे झाला.

यावेळी मी तुझं न ऐकता स्वतःच्या मनाने बाटली आणली. लेबलावर मोठं झाड होतं, फांद्या-मुळांसकट. बाबा सुतार, म्हटलं त्यांना हीच द्यावी. पिशवीत लपवली, तरी माझ्या बाजूने झाड मला दिसत होतं, तेवढंच बरं वाटत होतं. दाणे ठेवले, पाव ठेवला. तोंड बंद ठेवायचं तुझ्या भावोजींना दहादा बजावलं होतं, पण घोट घेतल्याबरोबर ते म्हणाले, ही खानदानी आहे. मग मीही छान आहे म्हटलं. खरं तर मला काही विशेष लागलं नाही, पण झाडाकडे बघून म्हटलं.

बाबांनी ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला. घरात ओला पुठ्ठा कुणी ठेवलाय म्हणून विचारायला लागले. उठून फ्रिजच्या मागे पाहिलं, मोरीखाली पाहिलं, माझी भाजीची टोपली उपडी केली. कुठे काही नाही. परत येऊन बसले, पुन्हा ग्लास उचलला आणि मला म्हणाले, हे पावसात भिजलेल्या प्लायवूडसारखं आहे, तुम्ही पिताय कसं? मला इतकं लागलं रे. एवढ्या हौसेने आणली होती. मी म्हटलं, आवडत नसेल तर राहू द्या, नावं तरी ठेवू नका. ते उठून खोलीत गेले.

अर्धी बाटली फ्रिजमध्ये पडली आहे. सोमवारी सही. तू आता त्यांना काही कळवू नकोस, उगाच आशा लावल्यासारखं होतं. जेवत जा वेळेवर, आणि या थकल्या बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
ताई

ता. २८ मार्च

ती. ताईस,

नमस्कार वगैरे शेवटी. फोन लावतोय, तू उचलत नाहीस. आमचा ट्रकवाला तुमच्या बाजूला निघालाय, त्याच्या हातात हे पत्र देतोय.

बाटली फेकू नकोस. ताई, ती बाटली खराब आहे. स्वस्त आहे म्हणून नव्हे, महागातही होतं असं. कधी कधी बुचातच दोष असतो आणि आतल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. तुझं पत्र मी मालकीणबाईंना वाचून दाखवलं. ओला पुठ्ठा म्हटल्याबरोबर त्या खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, पुष्कळ गिऱ्हाइकांना हा वास कळतसुद्धा नाही, ते तशीच पिऊन जातात. तुम्ही दोघं तशीच प्यालात, खानदानी म्हणून.

पुन्हा वाच मी काय लिहिलंय ते. वास होता. तुम्हाला आला नाही. बाबांना आला.

त्यांना आधी जाऊन सांग, मग पुढचं वाच. पुढचं एवढंच की बूच लावून बाटली दुकानात परत न्या, दुकानदार बदलून देईल. तू जाऊ नकोस, बाबांना पाठव. लाकडाच्या वखारीवरून जाणारा रस्ता धरायला सांग.

सर्वांना नमस्कार. घाईत लिहिलंय, अक्षर लावून घे.

तुझा,
भिंगरी

ता. २ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ताईने पत्र वाचून दाखवलं, ती अजून मधूनच डोळे पुसते. जावई लाजून दोन दिवस माझ्यासमोर आले नाहीत.

बाटली नेली. दुकानदाराने स्वतः हुंगली, तोंड वाकडं केलं आणि बदलून दिली. वाद घातला नाही. येताना वखारीच्या दारात थांबलो. चिडाच्या लाकडाचा वास येतो, पुसट येतो, पण येतो. देवदार अजून नाही. वखारवाल्याने खुर्ची दिली, बराच वेळ बसलो.

गादीवाल्याला जागा द्यायची नाही म्हणून सांगितलं. तो आधी कुरकुरला, मग गाद्या मांडायला दोन पलंग करून द्या म्हणाला. शेगडी कारखान्यातून काढून टाकली, आता डब्यातला थंड सरस वापरीन. पूर्वीसारखी पकड येत नाही त्याला, पण झोप येते.

नवी बाटली बरी आहे. तिच्यात काहीतरी फळाचं आहे, नाव सापडेना. मी नुसती हुंगतो, पीत नाही, सकाळी करवत लावायची असते. उरलेलं जावई संपवतात.

तुझ्याकडे वाइन लाकडी पेट्यांतून येते म्हणे. सुट्टी मिळाली तर स्वतः ये, तुझा रंधा फडक्यातून काढून ठेवला आहे. नाही मिळाली तर एका पेटीची फळी ट्रकवाल्याबरोबर पाठव.

लाकूड कुठलं आहे ते मात्र लिहू नकोस.

तुझा,
बाबा