आतल्या शिवणीचा धागा

सोमवार, ३ मार्च

अखेर खोली मिळाली, आणि मला ती आवडलीसुद्धा. माझ्या बाबतीत हे दोन्ही एकदम होणं म्हणजे नवलच. तिसरा मजला, उत्तरेला मोठी खिडकी. रफूच्या कामाला असाच सारखा उजेड लागतो, ऊन आलं की डोळे दिपतात आणि धागा चुकतो.

दादा मला लहानपणापासून पापुद्रा म्हणतो. शेजारच्या घरात कोणी भांडलं तरी माझं पोट दुखायचं. गेलं वर्षभर तर आमच्याकडे रोज मोर्चे, रोज कुठल्या तरी कारखान्याला टाळं, रस्ते कधी बंद होतील त्याचा नेम नाही. मी पेपर बंद केला, तर दूधवाल्याच्या चेहऱ्यावर बातम्या दिसायला लागल्या. तिथून पळून आले म्हणा ना. इथे मात्र कमाल आहे. बाहेर तेच सगळं चाललंय, पण जिन्यात भेटणारा प्रत्येक जण पोटभर जेवून झोप काढून उठल्यासारखा निवांत.

मालकीणबाईंनी माझ्या कामाबद्दल फारसं विचारलं नाही. एवढंच विचारलं, की दुसऱ्याचं दुःख मला लागतं का. मी म्हटलं, फार. त्या खूश झाल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात एक बाई असते, तिला सगळे मुकी म्हणतात. तिने चहाचं उकळतं पातेलं फडक्याशिवाय, नुसत्या हातांनी उतरवलं. मी असते तर इमारत डोक्यावर घेतली असती.

बुधवार, ५ मार्च

पहिलं गिऱ्हाईक, दुसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर. जाकीट कोपराला फाटलेलं. रफूला बाहेरचा धागा चालत नाही. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून, जिथे कोणी बघत नाही तिथून, एकेक धागा ओढून काढायचा आणि भोकावर विणायचा. आईने मला आणि धाकट्या बहिणीला असंच शिकवलं.

त्याने विचारलं, बसू का जरा. मी म्हटलं, बसा ना. मला आजवर कोणाला नाही म्हणता आलेलं नाही. मग कंपनी बंद पडणार, मुलीचं कसं होणार, सगळं बोलून झालं. जाताना गडी शीळ घालत जिना उतरला. मी पलंगाची कड धरून बसले होते. तासभर सुईत धागा ओवता आला नाही.

रविवार, ९ मार्च

आज सात जण. शेवटची नर्स, चौथ्या मजल्यावरची. सगळ्यांचं तेच, बसू का जरा. सगळ्यांना तेच उत्तर, बसा ना. माझ्या जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं.

नर्सच्या कोटाची बाही नीट पाहिली. कापड कधी इतकं सरळ फाटत नाही. कात्रीने कापलंय. मग बाकीचे सहा कपडे काढून पाहिले. सगळे कापलेले.

मी तडक मालकीणबाईंकडे गेले. त्या हसून म्हणाल्या, लोकांना यायला काहीतरी निमित्त लागतं, तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा, कोणी जबरदस्ती करणार नाही. संताप संताप झाला. नाही म्हणता येत नाही हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणूनच तर खोली दिली.

शुक्रवार, १४ मार्च

सुई बोटात अर्धी गेली होती. रक्त कापडावर पडलं तेव्हा कळलं.

डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक पांढरी, बारीक रेघ उमटली आहे. ती मी ओळखते. कापडातून धागा ओढून काढला की मागे अशीच रेघ राहते. रेघेवर बोट फिरवलं तर काहीच जाणवत नाही.

बुधवार, १९ मार्च

समोरच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या दुकानं जाळली. अख्खी इमारत गच्चीवर पत्ते खेळत होती. थरथरत होते ती मी एकटी, वीस जणांच्या वाटणीचं.

हातांवर आता अकरा रेघा. आज नाही म्हणायचंच असं ठरवलं होतं. आरशासमोर दहा वेळा म्हणूनही पाहिलं. नर्स आली, आणि तोंडातून बसा निघालं. मला या नर्सचा तिरस्कार वाटतो. तिच्याहून जास्त माझा.

शनिवार, २२ मार्च

मुकीने भांडी घासताना बाह्या वर केल्या होत्या. दंडापर्यंत रेघाच रेघा, मोकळी जागा उरलेली नाही. मी मालकीणबाईंना सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. माझ्या आधी तिसऱ्या मजल्यावर तीच राहायची. तीही रफूच करायची.

वर हेही सांगितलं, की धाकटीचा फोन येऊन गेला. तिच्या गावात बिनसलंय, ती घाबरली आहे, शुक्रवारी इकडे येते आहे. बाईंनी तिला अगत्याने बोलावलंय. धाकटी माझ्याहूनही पापुद्रा. लहानपणी मी पडले की ती रडायची.

धाकटीला इथे येऊ द्यायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी.

मंगळवार, २५ मार्च

फोन लागत नाहीत, सगळीकडचे बंद केलेत. म्हणून निघाले. ती निघायच्या आधीच तिला गाठायचं होतं.

प्रत्येक मजल्यावर इमारतीतले लोक उभे होते. हातात एकेक कापलेला कपडा. कोणी अडवलं नाही. फक्त विचारलं, अगदी नम्रपणे.

तळमजल्यापर्यंतसुद्धा पोचले नाही.

बुधवार, २६ मार्च

ड्रायव्हरची मुलगी— नर्सचा तो दगावलेला रुग्ण— हे माझं नाही. माझं काय होतं? आईचा आवाज आठवत नाही.

बाई म्हणाल्या, हे ओझं कधी संपत नसतं. आपल्याहून तलम कोणी मिळालं, की तिच्यापाशी बसायचं. मुकीला कोणी मिळालं नाही, एवढंच.

मी त्यांच्या तोंडावर दार आपटलं. दारात बोट चेमटलं. लागलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

धाकटी दुपारी आली. तिला एकच वाक्य सांगायचं होतं— जा.

माझ्या रेघांवरून हात फिरवून रडली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या हातावर पडलं, तेवढ्यात कुठेतरी— थोडंसं— हलकं—

नाही.

माझ्या झग्याची बाही फाटलेली तिला दिसली. सरळ फाटली आहे. कात्री माझ्याच हातात आहे. मी कधी—

ती सुई ओवते आहे. म्हणते, दे ताई, मी करून देते.

मी विचारलं. माझ्याच तोंडाने विचारलं, बसू का जरा.

नाही म्हण, धाकटे. एकदा तरी. आपल्या दोघींपैकी कोणीतरी नाही म्हण, नाही म्ह—

बस ना, म्हणाली. स्टूल पुढे सरकवलं.

किती बरं वाट—