उभ्याने भरायची प्रश्नावली

पाल्मिरा, ऑगस्टचा पहिला आठवडा

प्रिय एदेल्मिरा,

काल विल्मारचा फोन आला. तुझा मुलगा म्हणून त्याच्यावर माझा जीव आहे, पण बातमी अशी सांगत होता जणू तू देवळाच्या घंटेसाठी वर्गणी दिली आहेस. "मावशी, आई फार शांत आहे. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडलीत. डॉक्टर म्हणतात डायलिसिस सुरू करा, नाहीतर फार दिवस नाहीत. पण आई म्हणते, देवाने बोलावलंय तर मी कशाला आडवी येऊ." वर फादर लिसान्द्रोंनी रविवारच्या प्रवचनात तुझं उदाहरण दिलं म्हणे. नाव घेतलं नाही, पण तुमच्या सगळ्या पोपायान गावाला कळेल अशा बेताने. मी फोन ठेवला आणि दोन पातेली अशी घासली की त्यांचे तळ पातळ झाले असतील. मला राग आलाय. कुणाकुणावर ते पुढे कळेलच. थोडा तुझ्यावरही आहे, हे आधीच सांगून ठेवते.

त्याआधी माझ्याकडची हकिकत वाच, कारण तिच्यावाचून मला पुढचं सांगता यायचं नाही. आपल्या पायांच्या दुखण्याला नाव आहे, त्याला 'अस्वस्थ पायांचा आजार' म्हणतात, हे मी तुला गेल्या वर्षी सांगितलं होतं. तू म्हणालीस, "अगं, या वयात कुणाचे पाय स्वस्थ असतात," आणि एम्पानाडाच्या सारणात मीठ कमी पडल्याचं सांगू लागलीस. नाव मिळायला मला सत्तरी गाठावी लागली. एक डॉक्टर म्हणाला नसा फुगल्यात, दुसरा म्हणाला वैधव्यामुळे मन थाऱ्यावर नाही. तिसऱ्याने माझ्याकडे न बघताच झोपेची गोळी लिहिली. तिने झोप आली नाहीच, पाय मात्र जास्त चेकाळले. शेजारीण म्हणाली गादीखाली साबणाची वडी ठेव. निदान साबण कपड्यांना तरी लावता आला.

इथल्या इस्पितळाने या आजाराच्या लोकांची पाहणी काढली, तेव्हा मलाही बोलावलं. छापील कागद हातात दिला. पायांना काय होतं? वेदना, जळजळ, मुंग्या, यांपैकी एकावर खूण करा. मी विचारलं, माझं यात नाही, मी काय करू? डॉक्टर मोंकायो चांगला पोरगा आहे, पण अजून तरुण. म्हणाला, "बाई, त्यातल्या त्यात जवळचं वाटेल त्यावर करा." माझी हयात पाणी कंपनीच्या तक्रारखिडकीवर गेली, हे त्याला ठाऊक नव्हतं. आमच्या अर्जावर दोनच चौकोन असायचे, पाणी येत नाही आणि पाणी कमी येतं. नळातून बेडूक आला तर त्याला चौकोन नव्हता. त्यामुळे कंपनीच्या दफ्तरात पाल्मिराच्या नळातून बेडूक कधी आलेलाच नाही. मी तो कागद कोराच परत केला आणि म्हटलं, आमचे प्रश्न आम्ही काढतो, तुम्ही मोजायचं काम करा.

तसे आम्ही जमू लागलो, चर्चच्या मागच्या अंगणात. पहिल्या दिवशी तिथल्या सेवेकऱ्याने बिचाऱ्याने गोलात खुर्च्या मांडल्या होत्या. थोड्याच वेळात सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि सगळी माणसं भिंतीकडेने येरझाऱ्या घालताना पाहून त्याने छातीवर क्रुसाची खूण केली. मग आम्ही चालत चालतच काम करायचं ठरवलं. ऊस जाळण्याचे दिवस, वरून काळी राख डोक्यावर पडतेय, आणि आम्ही अंगणात फेऱ्या मारत एकेका शब्दावर भांडतोय. फावियो म्हणून एक निवृत्त बसचालक आहे, तो म्हणाला, माझ्या पोटऱ्यांत मुंग्या नाहीत, मुंग्यांची वरात आहे. नुबिया म्हणून एक बाई येते, पूर्वी शिवणकाम करायची. ती म्हणाली, हाडात सोडावॉटर ओतल्यासारखं होतं. मी तुझं वाक्य लिहून दिलं. आठवतं? तू आठ वर्षांची होतीस, शाळेच्या प्रार्थनेला गुडघ्यांवर, आणि माझ्या कानात म्हणालीस, "इस्मे, माझे पाय माझ्याआधी घरी निघालेत." मदर पेर्पेतुआने ते ऐकलं. गणवेशाचा कंबरपट्टा सोडून तिने तुझे घोटे एकमेकांना बांधले आणि सगळ्या वर्गाला सांगितलं की देवासमोर जिला स्थिर राहवत नाही तिचं देवावर प्रेम नसतं. त्या बाईने मला शुद्धलेखन शिकवलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बाकी हिशोब तिने वर जाऊन दिलाच असेल.

आमची पहिली प्रश्नावली बारीक टायपात चार पानं झाली. आपल्याच माणसांवर ती करून बघितली आणि फजिती झाली. दुसरं पान उलटायच्या आत सगळे उठून चालायला लागले, कागद खुर्च्यांवर. फावियो म्हणाला, "बाई, रोग्यांनी रोग्यांसाठी काढलेली प्रश्नावली, आणि ती भरायला रोगच नको." मी त्याच्यावर चिडले, पण खरं तेच होतं. मग आम्ही अर्ध्याहून जास्त प्रश्न उडवले आणि उरलेले जाड पुठ्ठ्यावर छापले. पुठ्ठा दोरीने गळ्यात अडकवायचा, पेन त्याच दोरीला. उभ्याने भरा, चालत भरा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याबरोबर दुसऱ्याने चालायचं आणि विचारायचं.

आता ज्या प्रश्नासाठी मी एवढं लिहितेय तो सांगते. फावियो लांब पल्ल्याची बस चालवायचा. पाय ऐकेनासे झाले की गाडी कडेला घ्यायचा, उतरायचा आणि चाकांना लाथा मारत गाडीभोवती दोन चकरा टाकायचा. प्रवासी म्हणायचे, काय जबाबदार माणूस आहे, टायर किती जपतो. कंपनीने त्याला सुरक्षित चालक म्हणून मानपत्र दिलं, ते दिवाणखान्यात लावलंय. "देवाशपथ सांगतो बाई, टायरकडे मी एकदाही बघितलं नाही," म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, पण चालता चालता मनात आलं, आपण सगळेच टायर तपासत आलोय. म्हणून मी प्रश्न घातला: स्थिर राहावं लागेल या भीतीने तुम्ही कशाकशाला नाही म्हणालात, आणि तेव्हा लोकांना काय कारण सांगितलंत?

डॉक्टर मोंकायोने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "बाई, यात दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही मोजता येत नाहीत." मी म्हटलं, मग मोजू नका, वाचा. तो म्हणाला, शास्त्रात असं बसत नाही. मी म्हटलं, आम्ही तरी कुठे बसतोय. शेवटी प्रश्न राहिला. नुबिया पुठ्ठे उराशी धरून दार अडवून उभी राहिली, म्हणून राहिला.

आणि उत्तरं आली, एदेल्मिरा. एका बाईने मुलीच्या पदवीदानाला डोकेदुखीचं निमित्त सांगितलं. एकाने बायकोला पटवलंय की सिनेमा हा तत्त्वतःच वाईट. एकजण डोक्याचा फोटो काढायच्या यंत्रातून उठून आला आणि घरी म्हणाला, यंत्र बिघडलं होतं. एकीने चर्चचं गाणं सोडलं, आवाज गेला म्हणून, आणि ती अजून अंगणात कोकिळेसारखी गाते. इतकी खोटी कारणं, आणि त्यांतलं एकही माणूस खोटारडं नाही. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांनी दुसऱ्याला पटेल ते सांगितलं.

नुबियाचं उत्तर मी सगळ्यांत शेवटी वाचलं. तिचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, दंडाला पट्टी असते. मला वाटलं तिने लग्नकार्य, बसप्रवास असं काही लिहिलं असेल. तिने लिहिलं होतं, 'डायलिसिस. कारण सांगितलं: देवाची इच्छा.' मी तिला गाठलं. म्हणाली, "बाई, चार तास त्या खुर्चीत, हात सुईला बांधलेला. पहिल्याच दिवशी मला वाटलं पाय तोडून फेकावेत. दुसऱ्या खेपेला गेलेच नाही. आता पाय वळवळतात म्हणून मी मरते, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? लोक हसतील. देवाचं नाव घेतलं की कुणी हसत नाही. माझी सासू तर पाया पडायला आली." मी विचारलं, मग परत कशी गेलीस? "तिथली एक नर्स घरी आली, पिच्छा सोडेना. म्हणाली, देवाचं मला सांगू नकोस, त्या खुर्चीत नक्की काय होतं ते सांग."

हे मी जूनमध्ये ऐकलं. तेव्हा वाईट वाटलं आणि विसरले. काल विल्मार बोलत होता तेव्हा शब्द तुझे होते, पण कानात आवाज नुबियाचा येत होता.

एदे, मी तुला जन्मभर ओळखते. तू सणाच्या जेवणाला कधी बसली नाहीस. वाढत राहिलीस आणि स्वयंपाकघरात उभ्याने जेवलीस, लोक म्हणाले किती सेवाभावी. विल्मारचा बाप आउरेलिओ गेला तेव्हा रात्रभर सगळ्यांना कॉफी देत फिरलीस, शवपेटीपाशी टेकली नाहीस, लोक म्हणाले काय धीराची बाई. आणि आता म्हणतात संत. तुझ्या प्रत्येक येरझारीला या गावाने एकेक सद्गुण चिकटवला आणि तू तो मुकाट्याने घेतलास, कारण मदरने शिकवलेल्या कारणापेक्षा तो बरा होता. फादर लिसान्द्रोंना मी वेगळं पत्र लिहिलंय. त्यात प्रिय हा शब्द नाही.

हे पत्र लिहायचं कारण हे, की सोमवारी तू उपचार नको म्हणून सही करणार आहेस, आणि मी शनिवारी येतेय. डॉक्टर मोंकायोला मी विचारलं. तो म्हणतो, मूत्रपिंडं थकली की पाय आणखी बिघडतात, हे त्यांना माहीत आहे. रक्तातलं लोह बघतात, गोळ्या बदलतात. नुबियाला शिरेतून लोह दिलं, गोळी बदलली, आणि ती नर्स मधून मधून नळ्या सांभाळत तिला खुर्चीशेजारी उभी राहू देते. पोटातून घरच्या घरी डायलिसिस करायचाही एक प्रकार आहे. सगळ्यांना सगळं लागू पडत नाही, तुला काहीच लागू पडणार नाही असंही होईल. पण तुझ्या डॉक्टरला पायांचं माहीतच नाही, तर तो शोधणार काय? मी त्याच्यासमोर तुझ्या शेजारी उभी राहीन, बोलायचं तूच. त्यानंतरही नको म्हणालीस तर मी वाद घालणार नाही, आणि घालायला कुणी आलं तर त्याला दारातून परत पाठवीन. फक्त सही करायच्या आधी देवाला, फादरना, विल्मारला बाजूला ठेव आणि मला एकटीला सांग. तुला जगायचं नाही, की बसायचं नाही?

तुझीच,
इस्मेनिया