डाव्या पंखाचं आय्तु

अण्णा, मी हल्ली विमानं दुरुस्त करते असं आपल्या चामराजपेटेतलं कुणी वर आल्यावर तुम्हाला सांगेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. आई सगळ्यांना तसंच सांगते. खरं म्हणजे मी विमान दुरुस्त करणाऱ्या दोन माणसांच्या मधे उभी राहते आणि एकाचं दुसऱ्याला कळेल असं सांगते. एक आमचे साहेब, नाशिकचे इंजिनियर. त्यांना मराठी, हिंदी, इंग्रजी येतं. दुसरे मेस्त्री, कोलारकडचे. त्यांना कन्नड येतं, तेलुगू येतं आणि बाकीच्या भाषा ते मान हलवून भागवतात. विमान एकच आहे. पिवळं, एका माणसापुरतं, पुढे पोटात औषधाची टाकी आणि पंखांखाली फवारे. शेतावर औषध मारायला जातं तेव्हा इतकं खालून उडतं की खालच्या माणसाने टोपी काढून हातात घ्यावी. आवाज तुमच्या दुकानातल्या बिघडलेल्या मिक्सरचा, फक्त दुकानातले सगळे एकदम चालू केल्यासारखा.

इथे कशी पोचले हे तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगते. बारावीनंतर मी शिकले नाही, हे तुम्हाला बघावं लागलं नाही तेवढं बरं. व्हाइटफील्डला एका ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकल्या, मग हंपीला एका हॉटेलात विदेशी लोकांना पोहे खाऊ घातले, मग गोकर्णला काय केलं ते नीट आठवत नाही, बहुतेक काहीच नाही. देवनहळ्ळीला मी चकोता, म्हणजे पपनस, आणायला गेले होते. आईला कुणीतरी सांगितलं की तिकडचे चकोते गोड असतात. मी चकोता घेतला, किल्ला बघत बसले, परतीची म्हणून दुसरीच बस धरली आणि भलत्याच फाट्यावर उतरले. तिथे कुंपणाच्या आत हे पिवळं विमान आणि त्याच्या शेपटीशी दोन माणसं भांडत होती, म्हणजे एक भांडत होता आणि एक मान हलवत होता. साहेबांनी मला मराठीत फोनवर बोलताना ऐकलं आणि बुडणाऱ्याने दोरी धरावी तसे कुंपणापाशी आले. म्हणाले, "ताई, यांना विचारा हो, हे म्हणतायत पुढच्या कामाला विमान हत्तीवर औषध मारायला जाणार. हत्तीवर कशाला?" मी हसत हसत तिथेच खाली बसले. कन्नडमध्ये कापसाला हत्ती म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बिचारे कालपासून वनखात्याची परवानगी लागेल म्हणून काळजीत होते. त्या दिवशी संध्याकाळी मला नोकरी लागली आणि चकोता त्या दोघांनी खाल्ला.

नोकरीची पहिली अट म्हणजे तुम्ही दिलेला टेस्टर अंबाड्यातून काढायचा. मी वाढदिवसाला चाकांचे बूट मागितले होते आणि तुम्ही हा टेस्टर कागदात गुंडाळून दिला होतात, आठवतं? मी रडले, मग त्याने कैऱ्यांना भोकं पाडली, मग केस वर बांधायला घेतला, तो त्या दिवसापर्यंत तिथेच होता. साहेब म्हणाले, विमानाजवळ सुटी वस्तू अंगावर ठेवायची नाही, पडली आणि आत अडकली तर माणूस जातो. हे त्यांनी तुमच्याच आवाजात म्हटलं. मला वाटलं, देवा, हा माणूस तर मी सोडून आले होते.

कारण तुमचं दुकान म्हणजे असंच होतं ना. मिक्सर नुसता फिरला म्हणजे दुरुस्त झाला, हे तुम्हाला मान्यच नव्हतं. गिऱ्हाईक समोर उभं करायचं, ओलं खोबरं आणि मिरच्या घालायच्या, चटणी वाटून दाखवायची, मगच मिक्सर पिशवीत. त्या चटणीचं पुढे काय होतं हे गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं. सकाळी चटणी, दुपारी चटणी, लग्नसराईत मिक्सर जास्त आले की रात्री पण चटणी. आई ताटात वाढताना नुसतं कुणाच्या घरची ते सांगायची. ही डॉक्टरीणबाईंची, ही कोपऱ्यावरच्या शेट्टींची.

आणि तो कन्नड शब्द. तो मी गल्लीतून उचलला होता. अभ्यास केलास का? आय्तु. अंघोळ? आय्तु. दुकानाचं शटर पुसलंस का? आय्तु. केवढा सोयीचा शब्द आहे तो. "झालं" असाही होतो आणि "बरं, करते" असाही होतो, आणि विचारणाऱ्याला यातलं कुठलं हे कळेपर्यंत आपण गल्लीच्या टोकाला. एकदा तुम्ही पाना हातात घेऊन माझ्यामागे टोकापर्यंत आलात. म्हणालात, "सगळ्याला आय्तु, आणि सगळं हवं आयतं." गल्लीतले हसले. त्या दिवसापासून घरात त्या शब्दाला बंदी. आई तेवढी म्हणत राहिली, तिला तुम्ही कधी काही बोलला नाहीत.

हां, विमान. तर मध्यंतरी विमानखात्याकडून एक सक्तीचा आदेश आला. याच जातीच्या एका विमानात कुठेतरी परदेशात, जिथे पंख धडाला जोडतात तिथल्या बोल्टमध्ये भेग सापडली. एकात सापडली की जगातल्या सगळ्यांनी आपापली उघडायची, तपासायची, नवे बोल्ट घालायचे, आणि ते होईपर्यंत उडायचं नाही. मला हे फार आवडलं. म्हणजे एका घरी गॅस चालू राहिला तर जगभरच्या माणसांनी बसमधून उतरून घरी परत जायचं. आपण मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून गॅस बघायला दोनदा परत गेलो होतो, मला आठवतंय, आणि आई रिक्षात तुमच्याशी बोलत नव्हती. इथे त्यालाच कायदा म्हणतात आणि पगार देतात.

जुने बोल्ट काढले. त्या जागेला लाल रंग फासायचा, पुसायचा, वर पांढरी पूड मारायची. भेग असेल तर पुडीवर लाल रेघ उमटते. रेघ उमटली नाही. मेस्त्रींनी तरी नमस्कार केला. मग नवे बोल्ट. ते हाताने बसवायचे आणि शेवटी टॉर्कच्या पान्याने ठरलेल्या ताकदीला आवळायचे. तेवढा जोर झाला की पाना कट् करून वाजतो. उजवा पंख साहेबांनी स्वतः उभं राहून करून घेतला. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की पान्याच्या तपासणीची मुदत संपलीय. मग उजवा पण सैल केला आणि जक्कूरच्या ओळखीच्या शेडमधून दुसरा पाना मागवला. पाना हेब्बाळला ट्रॅफिकमध्ये अडकला. तुम्ही गेल्यावर हेब्बाळला पुलावर पूल झालेत, अण्णा, ट्रॅफिक मात्र आहे तिथेच आहे.

पाना आला, उजवा झाला, मग साहेबांना फोन आला. ते ऑफिसात जाता जाता मला म्हणाले, डावा आवळायला सांग. मी पंखाखाली वाकून मेस्त्रींना सांगितलं. आतून आवाज आला, आय्तु. मग शेडमागे मुंगूस दिसलं. त्याच्या तोंडात काहीतरी होतं, ते काय हे बघायला मी गेले, आणि तो साप नसून कुणाचा तरी मोजा होता हे कळेपर्यंत बराच वेळ गेला. परत येते तर साहेब खिडकीतून विचारतायत, डावा झाला का? माझ्या कानात मेस्त्रींचं आय्तु होतंच. मी म्हटलं, झालं.

आता बघा. मेस्त्रींना माहीत होतं की साहेब समोर नसताना आवळायचं नाही, तो नियम आहे, म्हणून ते साहेबांची वाट बघत बसले आणि वेळ झाल्यावर घरी गेले. साहेबांनी येऊन टॉर्च मारली, नट जागेवर दिसले. पाना कपाटात दिसला. नट दिसतो, घट्ट आहे की नाही ते दिसत नाही. मेस्त्री कधी खोटं बोलत नाहीत, आणि मी तर झालं म्हटलंच होतं. त्यांनी झाकण लावलं. सकाळी मेस्त्रींनी लावलेलं झाकण बघितलं आणि समजले, साहेबांनी स्वतः केलं असणार. सगळे नियमाने वागले होते. मधे फक्त मी होते.

सकाळी पायलट आत बसले होते. चाळिशीचे, मिशीवाले, कमी बोलणारे; रोज डब्यातला अर्धा बन मला देतात. आधी विमान एक चक्कर मारून बघायचं आणि मग उत्तरेला कापसाकडे निघायचं, असं ठरलं होतं. ते एकेक बटण तपासत होते आणि मी कडेला उभी होते. मेस्त्री हात पुसत आले आणि रोजच्यासारखं म्हणाले, "तिंडी आय्ता?" नाश्ता झाला का. मी म्हटलं, "आय्तु."

झाला नव्हता. सकाळपासून पोटात पाणीसुद्धा नव्हतं. पण इथे कुणी विचारलं की सगळे आय्तुच म्हणतात, जेवलेला आणि न जेवलेला दोघंही. तो उत्तराचा शब्द नाही, बरं आहे सगळं असा शब्द आहे. आणि मला एकदम कालचं आय्तु आठवलं. मी मेस्त्रींना विचारलं, काल डाव्या पंखाचं आय्तु म्हणालात, ते कुठलं आय्तु? ते गोंधळले. मी पुन्हा विचारलं, झालं की करतो? ते म्हणाले, "करतो म्हटलं, अम्मा. साहेब कुठे आले होते? साहेबांनी केलं ना मग?"

त्या शब्दाचा तिसरा अर्थ पण आहे, तो तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दवाखान्यात होता त्या दुपारी दारातून एक माणूस आईला म्हणाला, "आय्तम्मा." आईला वाटलं, ऑपरेशन पार पडलं. तिने मला खाली कॉफी आणायला पाठवलं, म्हणाली तुमच्यासाठीही आण, शुद्धीवर आल्यावर पहिली कॉफीच मागतील. मी तीन कॉफ्या घेऊन वर आले. मग त्या कुणी प्यायल्या, आठवत नाही.

तोवर विमानाचा पुढचा पंखा फिरायला लागला होता. पुढून धावायचं नाही, पंख्यासमोर जायचं नाही, हे मला शिकवलंय. थांबा म्हणायची खूण पण शिकवलीय, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे. ती नेमकी आठवली नाही. मी लांबून हात हलवले, त्यांनीही हलवले. मी मान जोरजोरात नाही नाही म्हणून हलवली, त्यांनी अंगठा दाखवला. मेस्त्री ऑफिसकडे पळाले, त्यांच्या चपला दोन दिशांना. विमान हळूच पुढे सरकलं, आणि मी धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेवर, बरीच पुढे जाऊन, मधोमध मांडी घालून खाली बसले.

पंखा थांबला. इतकं शांत झालं की कुंपणावरच्या साळुंख्या ऐकू आल्या. पायलट काच उघडून कन्नडमध्ये म्हणाले, "काय अम्मा, जेवायला बसलीस?"

झाकण उघडलं. साहेबांनी नटाला बोट लावलं आणि तो फिरला. दुसरा पण फिरला. मग साहेब माझ्यावर ओरडले, मग मेस्त्रींवर मराठीत ओरडले, ते मी कन्नडमध्ये सांगायचं होतं. मी म्हटलं, साहेब, हे जसंच्या तसं सांगू का? त्यावर ते जमिनीवर बसले आणि स्वतःच्या डोक्याला हात लावून म्हणाले, सही मी करणार होतो. मग सगळ्यांदेखत दोन्ही नट आवळले. पाना कट् वाजला तेव्हा पायलट पंखाखाली वाकून ऐकत होते. दुसऱ्या कट्ला त्यांनी डोळे मिटले. मग आपला डबा उघडला आणि मला सगळा बन दिला.

ते उडाले, परत आले, दुसऱ्या दिवशी कापसाला गेले. साहेबांनी शेडमध्ये पाटी लावलीय, तीन भाषांत: आय्तु म्हणू नये, "केलं" किंवा "करणार आहे" म्हणावं. कन्नड ओळ मी लिहून दिली. मेस्त्रींना वाचून दाखवली, समजलं ना विचारलं. ते म्हणाले, आय्तु.

हे तुम्हाला कुठे पाठवणार? दुकानाच्या पत्त्यावर टाकलं तर तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात, तो मुलगा भला आहे, उघडून वाचेल आणि घाबरेल. माझ्या बॅगेत राहू दे. साहेब मला आता परीक्षा दे म्हणतात, पुढे स्वतःची सही करता येईल म्हणतात. गावभर सांगतात, ही मुलगी चालत्या विमानासमोर ठाण मांडून बसली. आईनेही ते चामराजपेटेत पसरवलंय, त्यात आता विमान जवळजवळ उडालेलं असतं. पायलटांच्या बायकोने तर फोन करून मला धीराची म्हटलं. खरं तुम्हाला सांगते, अण्णा, मी बसले नव्हते. ते पिवळं तोंड माझ्याकडे वळलं आणि माझे पायच गेले. मांडी नंतर घातली.